कुसळाची बाजरी

।। श्री कानिफनाथ प्रसन्न ।।

बोरमाळ वस्ती, ता. पाथर्डी
ता. १४ मे २०२४

चि. सौ. छबूबाई हिस,

सहादेवचे अनेक उत्तम आशीर्वाद विशेष.

वाल्मिकने दुधाच्या टेम्पोतून आणलेली तुझी चिठ्ठी पोचली. कॅनचं झाकण नीट बसलं नव्हतं, अर्धी चिठ्ठी दुधात भिजली होती. वाळवून वाचली. घरी सगळे खुशाल आहेत. शेळी व्यायली, दोन करडं, दोन्ही पाटी झाल्या. बांधावरची बोर मी तोडली असं तुला कुणी सांगितलं असेल तर ते खोटं आहे. वाळकी फांदी काढली, एवढंच.

तुझं म्हणणं समजलं. तुझा दीर रामहरी यंदा संस्थेच्या कामात पुढारी झाला आहे. कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या घरात मागे राहणाऱ्या म्हाताऱ्या-पोरांना पोटभर बाजरी असावी, म्हणून त्याच्या रानात बी तयार करायचं ठरलं आहे. आणि त्यासाठी त्याला माझी कुसळाची बाजरी पाहिजे. स्वतः मागायला तोंड नाही, म्हणून वहिनीच्या हातून मागतो.

झालं गेलं विसर, असं तू लिहितेस. गेल्या वर्षी त्याच्या नातवाच्या जावळाला काय झालं ते तुला पुरतं ठाऊक नाही, कारण तू चुलीपुढे होतीस. म्हणून एकदा नीट लिहितो. त्याआधी पंधरा दिवस मी त्याला चार पायल्या बी दिलं होतं. कणीस न् कणीस हातात घेऊन निवडलेलं, शेंड्याचे आणि बुडख्याचे दाणे टाकून फक्त मधले ठेवलेले. पंगतीत मला गरम भाकरी वाढली. मी खाल्ली. चांगली लागली म्हणून कुठली बाजरी असं विचारलं. तेव्हा तुझा दीर उपरण्याला हात पुसत उठला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाला की मामा, तुमच्याच पिशवीतली. मातीत घालून पाऊस पडायची वाट कशाला बघायची, म्हटलं सरळ पोटात पेरू. पंगत हसली. त्याच्या पुतण्याने मोबाईलवर चित्र काढलं. त्यात माझ्या तोंडात घास आहे, आणि तो गिळावा की थुंकावा हे मला कळत नाही, असं स्पष्ट दिसतं. संध्याकाळपर्यंत ते सोनईच्या आणि कोल्हारच्या पाव्हण्यांनी पाहिलं होतं.

मी घास गिळला. आपल्यात अन्न थुंकत नाहीत. पण त्या दिवसापासून माझा मोबाईल ज्वारीच्या कणगीत आहे, आणि ज्याला माझ्याशी काम असेल त्याने कागदावर लिहावं.

थट्टेचं नातं आहे, मान्य. त्याने माझं पागोटं लपवावं, चपला लपवाव्यात, चहात मीठ घालावं. बियाण्याची थट्टा नसते. त्यापायी वस्तीने कंपनीची बिनकुसळाची बाजरी पेरली, तीही पावसाने ओढ दिल्याने उशिरा, दिवाळीनंतर माणसं उसाला गेली, राखणीला म्हाताऱ्या राहिल्या, आणि पाखरांनी कणसं धुऊन नेली. हे तूच मला लिहिलं होतंस.

तरी बी देतो. वाल्मिकबरोबर गोणी येते आहे. रामहरीला पुढचं वाचून दाखव. बी मिठाच्या पाण्यात टाकायचं, वर तरंगेल ते काढून टाकायचं, खालचं दोनदा साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. पाभरीने पेरायचं, दोन बोटांहून खोल नाही. दोन तासांत, म्हणजे ओळींत, हातभर अंतर. तीन आठवड्यांनी विरळणी, दोन रोपांत वीतभर. शेणखत भरपूर, युरियाची चिमूट नको. शेजारी दुसरी बाजरी नको, नाहीतर वाऱ्याने पराग मिसळून कुसळं जातात. कापणीच्या वेळी बी रानाच्या मधल्या भागातून धरायचं, लांब कुसळाच्या कणसांचं. साठवताना राख आणि कडुनिंबाचा पाला.

सगळं तपशिलात लिहिलं आहे. माझ्या मनात आता काही नाही, हेही त्याला सांग.

तुझ्या सासूबाईंना, भागूबाईंना, दंडवत. दाजींना रामराम. मोठ्या भावावरची माया आटू देऊ नये.

तुझा,
सहादेव

---

कौठाळी वस्ती, ता. शेवगाव
ता. १८ जून २०२४

ती. दादास,

छबूचा शि. सा. न. वि. वि.

बी पोचलं. आमी समदी बरी हाये. आत्याबाईंचा गुडघा तसाच हाय. त्यांनी तुझा दंडवत घेतला आनि म्हन्ल्या की सहादेवचं मन मोठं हाय, न्हाईतर कोन देतंय पुन्हा. 

दादा, भावजींनी बी एकट्याच्या रानात न्हाई पेरलं. गोनी आली त्याच सांजच्याला ओट्यावर मांडून समद्या वस्तीला वाटलं. दिशाताई म्हन्जी संस्थेची पोरगी, ती सांगत हुती की पैल्या वर्षी एका जागी बी वाढवा, म्होरल्या वर्षी वाटा. भावजी म्हन्ले की म्होरलं वरीस कुनी बघितलंय, पोट ह्या वर्षीचं हाय. निम्मं त्यांनी ठिवलं, निम्मं घरटी दिलं. लंकाबाईला दिलं. तिचा पोरगा-सून उसाला जात्यात आनि ती तीन नातवंडं घेऊन मागं राहती. गेल्या साली मी तिच्या घरी गेल्ते तवा ती राशनच्या तांदळात पानी घालघालून पातेलं भरवत हुती आनि पोरांना सांगत हुती की पेज पिली की गाल वर येत्यात. मलाबी दोन पायल्या दिलं.

मृग लागला, पानी पडलं, तिसऱ्या दिवशी समद्यांच्या पाभरी रानात. माझंच ऱ्हायलं हुतं, बैल लंगडत हुता म्हनून. त्या दुपारी म्हन्लं दादाचं पत्र पुन्हा वाचावं, काय चुकाया नको. वाचलं. पुन्हा वाचलं. मीठ लिवलंस, दोन बोटं लिवलंस, हातभर, वीतभर, राख, पाला, समदं लिवलंस. कधी पेरायची ते लिवलं न्हाईस.

तू कुठं जायाचं तर एसटी किती वाजता फाट्यावर येती ते लिवतो. आनि पेरनी कधी ते इसरला? मग मला आप्पा आठवले. समद्यांची बाजरी गुडघ्याला लागायची तरी आपलं रान काळं. आई कावायची. आप्पा म्हनायचे की आपली बाजरी पुष्य नक्षत्रात पेरायची हाय, आदी पेरली तर फुलोऱ्याला झड धरती आनि कनीस पोकळ निघतं. मी लहान हुते पन हे ऐकलेलं हाय. तू तर त्याच रानात म्हातारा व्हायला लागलास.

तवा मला समदं समजलं. तुझ्या मनात काही न्हाई, हे किती खरं तेबी समजलं.

माझं बी गोनीतच हुतं. म्हन्लं आपलं तेवढं पुष्यापतूर राखून ठिवावं. निम्मा दिस तसंच ठरलं हुतं. मग बैल लंगडत हुता तरी जुपला आनि भावजींच्या बांधाला बांध लावून मीबी पेरली. आता ती उगवून चार बोटं वर आलीया. तुझा डूख जाऊ दे माझ्या ताटावरनं. भावजीचं कनीस पोकळ निघंल तवा माझंबी निघंल, लंकाबाईचंबी निघंल. तू बोरमाळच्या टेकाडावरनं बघ आनि मोज.

आत्याबाईंना अजून काय सांगितलं न्हाई. भाऊ हायेस तेवढी ओळख ठिव.

तुझी,
छबू

---

बोरमाळ वस्ती
ता. २३ जून २०२४

चि. सौ. छबूबाई हिस, आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. वाल्मिक म्हणाला की मामा, चिठ्ठी वाचताना तुम्ही उभे होतात ते खाली बसलात, काही वाईट बातमी आहे का. मी म्हटलं, बहिणीच्या अकलेची बातमी आहे.

मी रामहरीला बी दिलं होतं, वस्तीला नाही. ते त्याच्या रानात, त्याच्या नावाने वाया जायला हवं होतं. संस्थेच्या बाई, गाववाले सगळे बांधावर उभे असताना त्याने पोकळ कणीस चोळून बघायला हवं होतं आणि कुणीतरी त्याचंही चित्र काढायला हवं होतं. एवढंच मला पाहिजे होतं. त्याने ते वाटून टाकलं यात माझा काय दोष? हा माणूस पिशवी दिली की एकतर दळतो नाहीतर वाटतो. जे करायचं ते कधी करत नाही.

आणि तू. तुला कळलं होतं, बी तुझ्या हातात होतं, तरी पेरलंस. आईच्या पोटातून आली आहेस तशीच आहेस.

आता ऐक, उपाय आहे. लिहितो तो अक्षर न् अक्षर पाळायचा. आपली बाजरी लवकर पेरली तर नुसती वाढते, कणीस पोटात धरायला उशीर लावते. त्यामुळे पुष्य लागता लागता, म्हणजे वीस-बावीस जुलैला, ती उभी कोवळी कापायची. जमिनीपासून वीतभर ठेवून, विळ्याने, तिरपी. अगदी मातीलगत कापली तर फुटवा मरतो. खालचं एक तरी पेर जिवंत राहिलं पाहिजे. कापल्यावर कोळपणी आणि पातळ शेणकाला. ती पुन्हा फुटते, फुटवे जास्त येतात, कणीस थोडं लहान, पण फुलोरा पाऊस ओसरल्यावर येतो. कापलेली वैरण गुरांना घाला. ज्वारी असती तर कोवळी घालू नका म्हटलं असतं, तिने जनावराला विष भिनतं. बाजरीला ती भीती नाही. उशीर केला आणि पोटात कणीस धरल्यावर कापली तर काही हाती लागणार नाही.

हे वस्तीत सगळ्यांना सांग. रामहरीला सांगू नकोस. त्याची उभी राहू दे.

लंकाबाईला म्हणावं पोरांना पेज कमी पडली तर वाल्मिकजवळ निरोप दे, माझ्याकडे ज्वारी आहे.

राग आला तरी आशीर्वाद आहेतच.

सहादेव

---

कौठाळी वस्ती
ता. ८ जुलै २०२४

ती. दादास,

छबूचा नमस्कार. वि. वि.

तू न्हाई म्हन्लास तरी मी पैलं भावजींनाच सांगितलं. तुझं नाव घातलं, तुझं कारन घातलं न्हाई. दादा पेरनीचा टायेम लिवायचा राहिला, एवढंच बोलले. खोटं न्हाई आनि खरंबी न्हाई.

भावजी इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हन्ले की मामा आदी पेरा म्हनतो, मग कापा म्हनतो, उद्या म्हनंल उपटून माझ्या दारात आनून टाका. जावळाच्या भाकरीचा डूख हाय त्यो, समदी वस्ती बसवून मारायला निघालाय. मग मानसं गोळा झाली. पिकं बघ, कशी हिरवीगार उभी हायेत, मानसाच्या मांडीला लागली. असलं पीक आमच्या वस्तीनं धा वरसात बघितलं न्हाई. लंकाबाईनं मला तोंडावर इचारलं की बये, तुझा भाऊ शाना का तू खुळी. आत्याबाई म्हन्ल्या की हिरव्या पिकाला इळा लावनं म्हन्जी गरवार गाईला काठी मारनं. आमच्या घरचे उसाच्या टोळीच्या मुकादमाकडं गेल्ते, ते आल्यावर त्यांनीबी हात झटकले, म्हन्ले की बहिन-भावाच्या भानगडीत आमी न्हाई.

दादा, तू खरं सांगतोयास हे मला ठावं हाय. पन तुझं खरंबी कुनाला खरं वाटना. जावळापास्नं तू भावकीत कुठं आला न्हाईस, लग्नाला न्हाई, मयतीला न्हाई. मानसं म्हनत्यात की इतका डूख धरनारा मानूस फुकट उपाय सांगनार हाय व्हय.

शेवटी लंकाबाईनंच तोड काढली. म्हन्ली की मामाची स्वतःची पेरनी पुष्यात असती न्हवं, मग त्याचं पेरायचं समदं बी हितं आनून ठिवू दे. आमची बाजरी कापून पुन्हा फुटली तर बी त्याचं. न्हाई फुटली तर त्याचं बी आमचं, दळून खाऊ. भावजी म्हन्ले की मामा मरंल पन बी देनार न्हाई. समदी मान डोलवून उठली.

तर बघ आता. तुला इळ्याची भाषा कळती तशी त्यांना जामिनाची कळती. पुष्याला थोडंच दिस हायेत.

उत्तर येईपतूर घास गोड लागनार न्हाई.

छबू

---

बोरमाळ वस्ती
ता. १३ जुलै २०२४

चि. सौ. छबूबाई हिस, आशीर्वाद विशेष.

दोन गोण्या आणि एक गाठोडं वाल्मिकच्या टेम्पोत चढवलं आहे. माझ्या घरात कुसळाच्या बाजरीचा एक दाणा ठेवलेला नाही. कणगी झाडून घेतली, झाडलेलं गाठोड्यात आहे. मुंग्यांनी नेलं असेल तेवढं राहिलं. तुझी वहिनी दाराला टेकून बघत होती. तिने एवढंच विचारलं की आपण काय पेरायचं. मटकी पेरतो म्हटलं. आप्पांच्या आजापासून ह्या रानात बाजरी चुकलेली नाही.

रामहरी मामा मरेल पण बी देणार नाही म्हणाला ना? हे पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. मामा मेला नाही आणि बी दिलं. त्याला म्हणावं, तू मला जेवढं ओळखलंस तेवढंच तुझ्या रानाला ओळखलंस.

गोण्या तुझ्या घरात ठेव, त्याच्या घरात नाही. उंदरांपासून जप. खाली लाकडाच्या फळ्या टाक.

आता तुला एकटीला लिहितो, हे मोठ्याने वाचू नकोस. मी खरं सांगितलं आहे, बी जामीन ठेवलं आहे, आणखी माझ्याच्याने काही होणार नाही. आता देव करो आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवू नये. त्याने हसावं, विळा बाजूला टाकावा आणि बाजरी तशीच उभी ठेवावी. मग जे होईल ते मी केलेलं नसेल. मी तर सांगितलं होतं. इतका चांगला सूड मला सुचलाही नसता, तो त्याने स्वतः बांधून आणला.

मी वाईट माणूस आहे असं तुला वाटेल. वाटू दे. तुझ्या रानात मात्र वीतभरच ठेव, तिरपं काप.

शेणकाला पातळ कर. विसरू नकोस.

सहादेव

---

कौठाळी वस्ती
ता. १२ ऑगस्ट २०२४

ती. दादास,

छबूचा शि. सा. न. वि. वि.

संगं राखी हाय. वहिनीला हातावर बांधाया सांग. तू आला न्हाईस तरी मनगट रिकामं ठिवू ने.

बी आलेलं बघून वस्ती गोळा झाली. लंकाबाईनं गोनीत हात घातला, मूठ भरून वर काढली, वास घेतला आनि म्हन्ली की ह्यो मानूस खोटं बोलना. तिनंच पैला इळा लावला. कापताना रडत हुती. मग मी. मग एकेक घर. आत्याबाई दोन दिस माझ्याशी बोलल्या न्हाईत. गुरं मातर पोटभर खाऊन दूध वाढलं, वाल्मिकला इचार, त्याचं क्यान आदी भरतंय.

तू म्हन्लास तशी फुटली. एका बुडख्याला मी आठ फुटवे मोजले. नागपंचमीला बाया झोका बांधाया आल्या तवा गानी ऱ्हायली बाजूला, समद्या रानात वाकून फुटवेच बघत हुत्या.

भावजींनी न्हाई कापली. तुझ्या मनासारखं झालं. त्यांची आता मानसाच्या डोक्यावर गेलीया, ते बांधावरनं जाताना आमच्या खुंटांकडं बघून म्हनत्यात की वहिनी, वैरन लई गोड झाली असंल, आता दिवाळीला गुरांनाच ओवाळा.

त्यांची बायकू मातर काल माझ्याकडं मीठ मागाया आली आनि लई येळ उभी ऱ्हायली. कापायचं मन हुतं तिचं. इळा घेऊन दोनदा रानात गेल्ती म्हनं, भावजींनी दोन्ही येळंला माघारी आनली.

बाकी ठीक. मटकी कशी हाय ते लिव.

धाकटीची आठवन ठिवावी.

छबू

---

बोरमाळ वस्ती
ता. १५ सप्टेंबर २०२४

चि. सौ. छबूबाई हिस, अनेक आशीर्वाद.

मटकी बरी आहे. त्याहून बरी गोष्ट माझ्या खिडकीत आहे. वाल्मिकने तुझ्या दिराच्या रानातलं एक कणीस मोडून आणलं. मी मागितलं नव्हतं, खोटं कशाला, मागितलंच होतं. हातभर लांब, डौलदार, आणि दाबलं तर आत काही नाही. पावसाने फुलोरा धुतला. मी ते चोळलं, फुंकर मारली, तळहातावर काही राहिलं नाही. पुन्हा चोळलं. आज तिसरा दिवस आहे, येता जाता चोळतो. तुझ्या वहिनीने ते फेकून द्या म्हटलं, मी खिडकीतून हलवू दिलं नाही.

वाल्मिक सांगत होता की रामहरी बांधावर उकिडवा बसलेला असतो आणि कुणी दिसलं की उठून आत जातो. छान. पंगतीत मला उठून आत जाता आलं नव्हतं. बाजूच्या रानात तुमच्या फुटव्यांना आता कणसं निसवतील, वरून ऊन पडेल, आणि त्याला रोज त्या बांधावरून जावं लागेल. मला बरं वाटतं आहे. गेलं वर्षभर मी इतका शांत झोपलो नव्हतो. तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

आता एक, आणि हे आज वाच, वाल्मिक उभा असतानाच वाच. कणसावर खालच्या बाजूला गोड चिकट पाणी आलेलं दिसलं. तो अरगट आहे. काही दिवसांनी तिथे काळपट, लांबट दाणे धरतात, उंदराच्या लेंडीसारखे; आधी निसवलेल्या कणसांत आतापर्यंत धरलेही असतील. रामहरीच्या रानात जे थोडेफार दाणे भरतील त्यांत ते मिसळतील. ती बाजरी दळायची नाही. भाकरी करायची नाही, कोंबड्यांना नाही, गाभण शेळीला तर अजिबात नाही. उलट्या होतात, माणूस गुंगतो, जास्त गेलं तर हातापायांना अपाय होतो. मिठाच्या पाण्यात टाकलं तर काळे दाणे वर येतात, पण इतकी बाजरी बिघडली असेल तर तेवढ्यावर विसंबू नका. कणसं रानातच जाळा. भागूबाई त्याच्या घरात जेवतात, त्यांना स्वतः जाऊन सांग. माझं नाव सांगितलं तर तो ऐकणार नसेल तर नाव सांगू नकोस.

काही लिहायचं राहिलं नाही ना, म्हणून पत्र दोनदा वाचून मग बंद केलं.

आणि माझं बी परत पाठव. फुटली ना? ठरलं होतं. पुढच्या पुष्यासाठी माझ्याकडे एक दाणा नाही.

भावाचं देणं ठेवू नये.

सहादेव

---

कौठाळी वस्ती
ता. ६ नोव्हेंबर २०२४

ती. दादास,

छबूचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजंला तुझी वाट न्हाई बघितली. पाटावर तुझ्या नावाचा नारळ ठिवला आनि ओवाळला. नारळानं कुरकुर केली न्हाई.

तुझं सप्टेंबरातलं पत्र मी वाल्मिक उभा असतानाच वाचलं आनि तशीच भावजींच्या घरी गेले. आत्याबाई जात्यावर पैल्या कनसांचं दळाया बसल्या हुत्या. मी खुंटा धरला. भावजी काय म्हनाया तोंड उघडत हुते, मी तुझं नाव सांगितलं.  पत्रातलं अरगटाचं तेवढं पान हातात घेऊन सवता वाचलं, मग सुपातलं काळं दानं निवडून बघितलं, आनि सांजच्याला रान पेटवलं. वास चार दिस गेला न्हाई. ह्या खेपंला तू समदं लिवलंस म्हनून माझी सासू जित्ती हाय. हे मी इसरनार न्हाई. दुसरंबी इसरनार न्हाई.

आमची बाजरी झाली. कनसं लहान, पन दानं टपोरं, आनि कुसळं अशी की पाखरू बसतंय अन् उडून जातंय. टोळ्या परवा टरकात बसून गेल्या. आमच्या घरचेबी गेले. पैल्यांदाच कुनी जाताना मागं बघून म्हातारीला खायाचं काय ते इचारलं न्हाई. लंकाबाईची कनगी निम्मी भरली. तिनं नातवंडांना भाकरी दिली तर धाकटा म्हन्ला की पेज कुठं हाय. त्याला वाटलं भाकरी पेजंच्या आदी खायाची असती.

आता तुझं बी. दादा, ते गोनीत न्हाई. पुष्यात आमी बायांनी ते लंकाबाईच्या पडीक रानात पेरलं. बी बसवून ठिवलं तर म्हातारं हुतं हे तूच सांगतोस. तिथं असं पिकलं की बघून तुला रडू आलं असतं. तुला कळवलं न्हाई. लिवायचं राहिलं.

त्यातलं निवडून आमी वस्तीची बियाची कनगी केलीया. ती आता कुना एकाची न्हाई, तुझी न्हाई, भावजींची न्हाई. भावजींच्या घरात यंदा दाना न्हाई, ते कोयता घेऊन निघाले हुते, आमीच ठिवून घेतलं. बियाच्या कनगीची राखन त्यांना दिली. बदल्यात त्यांच्या चुलीला घरटी बाजरी देतो. बी दळनारा मानूस बियापाशी बसवलाय. लंकाबाई येता-जाता त्यांना इचारती की आज उंदीर किती, भावजी. मान खाली घालून उत्तर देत्यात.

तुला बी मिळंल. भावाला न्हाई कसं म्हनू. पन वस्तीचा नेम समद्यांना सारखा. बैशाखात वाटप हाय. तू सवता यायचं, वाल्मिकच्या टेम्पोत निरोप धाडायचा न्हाई. रांगंत लंकाबाईच्या मागं उभं ऱ्हायाचं. माप भावजी घालतील, तू उपरनं पसरायचं आनि त्यांच्या हातनं घ्यायचं. बाया बघत असतील. कुनी मोबाईल काढला तर काढू दे.

आनि येक. तू पेरनीची येळ का लिवली न्हाईस, ते भावजींना अजून ठावं न्हाई. आत्याबाईंना न्हाई, लंकाबाईला न्हाई. त्यांना वाटतंय मामा इसरला. मी आजपतूर कुनाला सांगितलं न्हाई.

म्होरं सांगनार न्हाई, असं मातर मी लिवत न्हाई.

वहिनीला नमस्कार. येताना मटकी आन. माया हाय तशीच हाय, ती तपासाया ये.

तुझी धाकटी,
छबू